वंदनानं बघितलेलं कॉलेज

वंदनाचा श्वास थांबला तेव्हा पाण्याचा चमचा माझ्या हातात होता. ओठ ओले करावेत म्हणून मी तो तिच्या तोंडाशी नेला होता. पाणी आत गेलं नाही, हनुवटीवरून उशीवर आलं. मी पदरानं पुसलं आणि पुन्हा चमचा भरला... तेव्हा शेजारच्या खाटेजवळ बसलेली बाई म्हणाली, "माय, राहू द्या आता." नर्स आली, मागून डॉक्टर आले. डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "सोबत कुणी पुरुष माणूस आहे का?" माझा मुलगा मिलिंद खाली औषधं आणायला गेला होता. मी म्हणाले, "मला सांगा. सून माझी आहे." मग त्यांनी सांगितलं. नांदेडच्या दवाखान्यात, चांगला उजेड पडलेला असताना, माझ्यासमोर माझी सून गेली. मिलिंद जिन्यातून वर आला तो हातात पिशवी तशीच धरून. ती पिशवी कुठं ठेवावी हे त्याला बराच वेळ कळेना.

माझी नात प्रज्ञा, वंदनाची एकुलती एक मुलगी, अर्धापूरच्या बाजूला एका कॉलेजात राहून शिकते. तिथं फोन केला. तिला शिकवणाऱ्या एक बाई तिला गाडीत घालून घेऊन आल्या. प्रज्ञा आईच्या पायाशी उभी राहिली. रडली नाही. थोड्या वेळानं मला म्हणाली, "आज्जी, आज काही गिळलं का मम्मीनं?" मी म्हणाले, "न्हाई." तेव्हा ती खाली फरशीवर बसली. वॉर्डातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आई समोर अशी पडलेली आणि पोरगी खाण्याचं विचारते, असं त्यांच्या मनात आलं असणार. त्या प्रश्नामागं आमच्या घरातली एक गोष्ट आहे. आता काही आठवडे उलटले आहेत, तर ती सांगते. वंदना कशी होती हे त्यातच येतं.

आमच्या घरात एक रीत आहे. सोयरीक जुळवायला स्थळ बघायला गेलं आणि ते मनात बसलं, तर त्या घरी जेवायचं. बसलं नाही तर चहा घ्यायचा, गाडी चुकंल म्हणायचं आणि उठायचं. तोंडानं नाही म्हणायचं नाही. समोरच्याला कळतं, त्याचा अपमानही होत नाही. मी मिलिंदसाठी बघायला गेले तेव्हा वंदनाचं माहेर भोकरच्या बाजूला एका खेड्यात होतं. घर लहान, पण भांडी घासून लख्ख. मी तिला म्हणाले, "चालून दाखव." ती भिंतीपासून दारापर्यंत चालली आणि दारातून बाहेरच गेली, आत परत आलीच नाही. तिच्या बापाला घाम फुटला. मला मात्र ते आवडलं. मी ताट वाढा म्हणाले आणि पिठलं दुसऱ्यांदा मागून घेतलं. तिच्या बापानं हात जोडले, बोलणं संपलं.

ती लेकीसारखी होती असं मी लिहिणार नाही. सून होती. चांगली सून होती आणि तोंडाळ होती. लग्नानंतर तिनं नर्सचं शिक्षण घेतलं, अहमदपूरजवळच्या उपकेंद्रात नोकरीला लागली. गावोगाव फिरून बाळंतिणी तपासायच्या, लेकरांना डोस द्यायचे, कुणी दार लावून घेतलं तर दारात उभं राहून बोलत राहायचं. मिलिंद एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. दोघं कामावर, म्हणून प्रज्ञा लहानपणी गावात माझ्याजवळ वाढली. पुढं मीही अहमदपूरला त्यांच्याकडं राहायला आले. वंदनाचं आणि माझं भाजीतल्या तेलावरून वाजायचं. मी पानावर हात आडवा धरला की ती म्हणायची, "काय आत्या, स्थळ पसंत न्हाई का?" हा आमच्या घरातला रोजचा विनोद होता. प्रज्ञा हाच विनोद ऐकत मोठी झाली. ताटाला हात लावला नाही म्हणजे काय, हे आमच्या घरात तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

प्रज्ञा दहावीला चांगल्या मार्कांनी सुटली. आमच्याकडं चांगल्या सुटलेल्या लेकराचं काय करायचं हे कुणी विचारत नाही, लातूरला पाठवतात. आम्हीही पाठवली. क्लास लावला, खोली घेतली, डॉक्टर व्हायचं ठरलं. कुणी ठरवलं ते आज आठवत नाही. मी एकदा वंदनाबरोबर तिच्या खोलीवर गेले. तीन खाटा, मधून आडवं होऊन चालावं लागायचं. प्रज्ञाची नखं पार आतपर्यंत कुरतडलेली होती. क्लासात दर आठवड्याला परीक्षा होई आणि मार्कांप्रमाणं पोरांना बसवत. हुशार पुढं, बाकीचे मागं. वंदनानं विचारलं, "तू कुठं बसतीस?" ती म्हणाली, "फळा दिसतो मम्मी, तू नको काळजी करू." परत येताना वंदना मला म्हणाली, "दिसतो म्हणाली. वाचता येतो म्हणाली न्हाई." लहानपणी हीच पोरगी माझं डोकं खायची. बैल बसल्यावर काय चावतो, चंद्र आपल्याबरोबर का चालतो, आपल्या वस्तीला नळ शेवटी का येतो. लातूरहून सुट्टीला आली की नुसती हो-नाही करायची. बारावीनंतर डॉक्टरकीच्या परीक्षेत तिला मार्क कमी पडले. मग अजून एक वर्ष तिथंच बसली. रिपीटर म्हणतात त्यांना. दुसऱ्यांदाही निकाल आला तेव्हा मार्क कमीच होते. मिलिंद म्हणाला, "अजून एक वर्ष बघू." 

नांदेडला ट्रेनिंगला गेली असताना वंदनाला सोबतच्या एका सिस्टरकडून त्या कॉलेजचं कळलं. लहान कॉलेज. इंग्रजीत लिबरल आर्ट्स म्हणतात. पोरांनी पहिल्या वर्षी विषय ठरवायचा नाही. इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गणित, चित्र काढणं, सगळ्यात थोडं थोडं शिरून बघायचं आणि मग एक धरायचं. एका वर्गात इतकी कमी पोरं की बाईंना सगळ्यांची नावं पाठ. वंदना घरी येऊन सांगत होती तेव्हा मिलिंद बूट काढत होता. म्हणाला, "म्हणजे बीए." ती म्हणाली, "हाव, बीए." "बीए अहमदपुरात होतंय. तिथं ठेवायला कशाला लागतंय?" वंदना म्हणाली, "तेच बघायचं हाय. बघितल्याबिगर मी बी सांगत न्हाई."

आणि ती बघायला गेली. कॉलेजला कळवलं नाही, आम्हालाही आदल्या दिवशी सांगितलं. स्थळाची चौकशी करतात तशी तिनं कॉलेजची चौकशी केली. आपण घरात जाऊन नवऱ्या मुलाला विचारत नाही की बाबा तू दारू पितोस का. ते गावच्या किराणा दुकानात विचारतात. वंदना फाट्यावर उतरली, कॉलेजला लागून केळीची बाग आहे तिथं घड उतरवणाऱ्या बायकांजवळ जाऊन बसली. पोरी संध्याकाळी कुठं फिरतात, कुणाची पोरं मोटारसायकली घेऊन येतात, आतून भांडणाचे आवाज येतात का, सांडपाणी कुठं सोडलंय. मग मेसच्या मागच्या दारानं चपात्या लाटणाऱ्या बाईशी बोलली. पाण्याच्या टाकीवर झाकण आहे का, न्हाणीघराच्या कड्या आतून लागतात का, पोरगी आजारी पडली तर कोण नेतं. शेवटी पुढच्या दारानं ऑफिसात जाऊन पाणी मागितलं आणि माहितीचं पत्रक घेऊन घरी आली. मी म्हणाले, "इतकं तर मी तुला बघायला आले तेव्हा बी केलं न्हवतं." ती म्हणाली, "तुम्ही मला चालून दाखव म्हणलात. मी कॉलेजला चालून दाखव म्हणून राहिले." मग गंभीर होऊन म्हणाली, "आत्या, तिथं सर लोक आपलं ताट आपण धुतात." मी म्हणाले, "मग शिकवतं कोण?" त्यावर ती लई हसली. हसता हसता तिला ठसका लागला आणि पाणी पिऊनही तो लवकर थांबला नाही. ठसक्याचं कुणी मनावर घेतं का?

पुढच्या वेळी आम्ही तिघी गेलो, ती, मी आणि प्रज्ञा. मिलिंदला रजा नव्हती, असं तो म्हणाला. एका तरुण बाईंनी आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. प्रज्ञाच्या पुढं पुढं न करता तिच्याबरोबर चालल्या, हे मी बघितलं. वंदनानं त्यांना सरळ विचारलं, "म्याडम, इथून निघाल्यावर पोरगी काय करंल?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "खरं सांगू का? मला माहीत नाही. आमच्या काही मुली पुढं शिकायला गेल्या. एक बँकेच्या परीक्षा देतेय. एकजण शाळेत शिकवते. एक घरी आहे." नंतर वंदना मला म्हणाली, "घरी बसलेली सुद्धा सांगितली, बघितलं का? लातूरच्या बोर्डावर नापास पोराचा फोटो कधी दिसला का तुम्हाला?" मी म्हणाले, "घरी बसलेलीचा फोटो लावून तरी काय करणार?" पण तिचं म्हणणं मला पटलं होतं.

मग वर्गात बसायला दिलं. खुर्च्या गोल मांडलेल्या, पुढची रांग नाही, मागची नाही. गावात पाणी आधी कुणाच्या आळीला येतं आणि ते कोण ठरवतं, यावर बोलणं चाललं होतं. एक मोठ्या शेतकऱ्याच्या घरचा पोरगा म्हणाला की टाकी जिथं असते तिथून पाणी निघतं, उताराप्रमाणं जातं, त्यात कुणी काही ठरवत नाही. प्रज्ञा पाहुणी होती, तिनं गप्प बसायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "टाकी कुठं बांधायची हे कोण ठरवतं?" तो म्हणाला, "जिथं जागा असंल तिथं." ही म्हणाली, "आमच्या वस्तीत लई जागा हाय. तिथं का न्हाई बांधली?" सगळी पोरं हसली, तो पोरगाही हसला, पण त्यानं सोडलं नाही आणि हिनंही सोडलं नाही. जुंपली दोघांची. शेवटी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुम्ही दोघं आपापल्या गावचा नकाशा काढा, मग बोलू. मी दाराशी स्टुलावर बसले होते. नळ शेवटी का येतो, हे विचारणारी माझी पोरगी मला किती वर्षांनी ऐकू आली... वंदना माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा हात गळ्यावर होता. भरून आलं असंल, असं मी समजले.

दुपारी मेसमध्ये जेवायला बसवलं. चपाती, वांग्याची भाजी, वरण, भात. बाकावर सगळे एका ओळीत, त्या बाईही. वंदनानं चपातीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि ताटात ठेवून दिला. बाई म्हणाल्या, "घ्या ना ताई." ही म्हणाली, "चहा घेते. गाडी चुकंल आमची." मी चमकून तिच्याकडं बघितलं. प्रज्ञानंही बघितलं. मग प्रज्ञानं मान खाली घालून आपलं ताट संपवलं, उठली, धुतलं, जागेवर ठेवलं.

घरी आल्यावर मिलिंदनं विचारलं, "कसं हाय?" आणि वंदना काही बोलायच्या आत प्रज्ञा म्हणाली, "चांगलं हाय पप्पा. पण मी अजून एकदा नीटची परीक्षा देते." वंदना तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुझं ठरलं असंल तर मी काय म्हणू." दोन दिवसांनी प्रज्ञा लातूरला त्याच खोलीवर गेली. मला यातलं काही कळेना. वर्गात तशी बोललेली पोरगी मी माझ्या कानांनी ऐकली होती. पण आई-मुलगी दोघींचं ठरलं म्हणतात, तर मी मध्ये तोंड कशाला घालू, म्हणून गप्प राहिले. वंदना कामाला जायची, यायची. चपाती चहात बुडवून खायची. मग नुसता चहाच घ्यायला लागली. विचारलं की म्हणायची, ॲसिडिटी हाय. सगळ्या तालुक्याला गोळ्या वाटणारी बाई, तिला मी काय सांगणार.

पावसाळ्यात प्रज्ञा तापानं घरी आली. बरी झाली तरी जायचं नाव काढेना. एका संध्याकाळी मी पालक निवडत होते, ती समोर बसली होती, वंदना पाठमोरी भांडी घासत होती. मी प्रज्ञाला विचारलं, "तुला ते कॉलेज आवडलं होतं का न्हाई?" ती म्हणाली, "आता काय त्याचं." मी म्हणाले, "म्या विचारलं त्याचं उत्तर दे." मग ती हळू आवाजात म्हणाली, "मम्मी तिथं जेवली न्हाई, आज्जी." भांड्यांचा आवाज थांबला. "चहा घेतला आन गाडी चुकंल म्हणाली. मला कळत न्हाई का?" वंदना वळली. तिचे हात राखेनं भरलेले होते. म्हणाली, "अगं, मला वाटलं तुलाच नको हाय. लातूरच पाहिजे म्हणून तू बोललीस." "तू नको म्हणलीस म्हणून बोलले." "मी कवा नको म्हणले?" मी हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाले, "वंदना, तुला कॉलेज पसंत होतं का?" ती म्हणाली, "लई." "मग का जेवली न्हाईस?" ती परत भांड्यांकडं वळली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं हात तसेच राखेचे धरून सांगितलं, "गिळवत न्हाई, आत्या. बरेच दिवस झाले. पाणी सोडून काही खाली उतरत न्हाई."

तोंडानं नाही म्हणायचं नाही, या आमच्या रितीनं पोरगी महिनाभर चुकीच्या गावात बसली. रीत चांगली आहे, सोयरिकीपुरती. मी ती मोडा म्हणत नाही. पण लेकराच्या बाबतीत तोंडानं बोलावं लागतं.

नांदेडला दुर्बीण घालून तपासलं. अन्ननलिकेत गाठ होती. वंदनाला डॉक्टरांच्या तोंडाकडं बघूनच कळलं, ती त्याच लाइनीतली. खाली येऊन बाकावर बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "त्यांच्या जागा भरल्या का विचारून घ्या." मिलिंदला ते लागलं. तो म्हणाला, "तुला कशाचं पडलंय?" ती म्हणाली, "मला याचंच पडलंय. माझं तुम्ही डॉक्टरवर सोडा." जागा भरल्या नव्हत्या. लहान कॉलेजचं ते एक असतं. मिलिंदच्या मनातून मात्र बीए जात नव्हतं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्यासारख्यांच्या घरात शिक्षण म्हणजे नोकरी. त्याच्या बापानं रोजंदारी केली, त्याला एसटी लागली, त्याच्या बायकोला सरकारी नोकरी. पोरीनं याच्या वरची पायरी चढायची, तर ही मधल्या अंगणात जाऊन उभी राहते, असं त्याला दिसत होतं. नाहीतर नर्सिंगला घालू, असंही म्हणाला. वंदना म्हणाली, "नर्सिंग मी केलंय. मला आवडतं म्हणून केलं. तिला सुई बघितली की चक्कर येती." मग त्याच्या जवळ बसून म्हणाली, "ती नोकरी करंल. कुठली ते मला म्हाईत न्हाई, त्या म्याडमला बी म्हाईत न्हाई. पण लातूरला ती रोज एक पाऊल मागं सरकून राहिली हाय, हे मला म्हाईत हाय." मिलिंद हो म्हणाला नाही. त्यानं प्रज्ञाची लोखंडी पेटी काढली आणि तिच्या कडीला तेल घातलं.

सोडायला वंदना गेलीच. तोवर तिला रेडिएशनचे शेक सुरू झाले होते, गळ्याची कातडी काळी पडली होती. सोबत मिलिंद आणि मी. प्रज्ञाची खाट लावून झाली, दुपार झाली, मेसमध्ये सगळे बसले. वंदना बाकावर बसली आणि चपात्या लाटणाऱ्या बाईला म्हणाली, "बाई, मला वरणाच्या वरचं पाणी द्या वाटीत." बाईनं वाटी आणली. वंदनानं एक घोट घेतला आणि डोळे मिटले. तो खाली उतरेपर्यंत आम्ही तिघं तिच्याकडं बघत होतो. मग दुसरा. पोरं जेवून उठली, ताटं धुवून गेली, बाकं पुसून झाली. वंदना पीतच होती. कपाळावर घाम आलेला. मिलिंद म्हणाला, "बास कर आता." ती मानेनंच नाही म्हणाली. प्रज्ञा समोर बसून होती. रडत होती, पण नजर काढली नाही. वाटी रिकामी करून वंदनानं ती उलटी करून दाखवली आणि प्रज्ञाला म्हणाली, "पसंत हाय. आता तोंडानं बी सांगते. पसंत हाय. तुला न्हाई जमलं तर तोंडानं सांगायचं, मी घेऊन जाईन." आणि उठून वाटी धुवायला गेली. मिलिंदनं तिच्या हातातून घेतली आणि त्यानं धुतली.

नंतर ती वर्षभराहून थोडी जास्त जगली. मधे बरी झाल्यासारखी वाटली, पेज, कण्या, दूध घ्यायला लागली, चार महिने कामावरही गेली. प्रज्ञाचा फोन आला की आधी स्वतः काय गिळलं ते सांगायची, मग तिला विचारायची, "आज कुणाशी भांडलीस?" दोघींचा हिशोब असा होता. कॉलेजात सगळं गोड नव्हतं, ते लिहिलं पाहिजे. प्रज्ञाला आवडलेले अर्थशास्त्राचे सर वर्षाच्या मधेच दुसरीकडं निघून गेले आणि बरेच दिवस त्या तासाला कुणी नव्हतं. लहान जागेत एक माणूस गेला की खिंडार पडतं. खोलीतल्या पोरीशी तिचं बिनसलं, आणि तिथं तोंड लपवायला दुसरी जागा नाही, रोज त्याच मुलीसमोर बसून जेवायचं. इंग्रजी वाचताना रडकुंडीला यायची. वंदना म्हणाली होती, "टाकीचं झाकण बघितलं, कड्या बघितल्या. सर टिकतात का हे विचारायचं राहिलं बघा आत्या." पण एकदाही प्रज्ञा परत न्या म्हणाली नाही. वंदना दर वेळी विचारायची आणि ती दर वेळी तोंडानं सांगायची, जमतंय. दिवाळीनंतर गाठ परत वाढली. वंदनाचं गिळणं पुन्हा बंद झालं. म्हणून त्या दिवशी वॉर्डात प्रज्ञानं मला पहिला प्रश्न तो विचारला. रोज संध्याकाळी आईनं ज्याचं उत्तर द्यायचं, ते त्या दिवशी मला द्यावं लागलं.

वंदनाच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले. भिक्खूंचं सूत्रपठण झालं, जेवणं झाली, आणि बसल्या बसल्या बायकांनी विषय काढला. आता मिलिंदला भाकरी कोण घालील? म्हातारीच्यानं किती दिवस होईल? पोरगी वर्षभर घरी राहू द्या, बीए काय पळून जात नाही, बाहेरूनही पेपर देता येतात. मिलिंद खाली बघत होता. त्याला वाईट माणूस समजू नका, त्याचं घर रिकामं झालं होतं आणि पोरगी समोर दिसत होती. तो हळूच म्हणाला, "एक वर्ष थांबतीस का बेटा?" प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "माझ्याकडं बघू नको. तोंडानं सांग." प्रज्ञा बापासमोर येऊन बसली. मग ती म्हणाली, "न्हाई पप्पा. मी जाते." मिलिंद उठून बाहेर गेला. एक बाई म्हणाली, "बघा, शिकून हेच येतं." मी तिला म्हणाले, "हाव, हेच येतं. त्याच्यासाठीच घातली होती." आणि भाकरीचं विचारत होत्या त्यांना सांगितलं, "सध्या मी करते. मी मेल्यावर मिलिंद करील, त्याला दोन हात हायेत."

मीच सोडायला गेले. मिलिंद स्टँडपर्यंत आला, बॅग वर टाकली, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहिला. प्रज्ञानं खिडकीतून हात बाहेर काढला तो त्यानं धरला आणि गाडीबरोबर थोडा चालला. कॉलेजात त्याच बाई भेटल्या, दवाखान्यात आल्या होत्या त्या. अर्थशास्त्राला नवीन सर आले होते, प्रज्ञाला ते आवडतील की नाही हे त्यांना सांगता आलं नाही. मला त्यांनी विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं, प्रज्ञाला आमचं कॉलेज मानवलं का?" मी म्हणाले, "हे बघणारी बाई गेली. मी चौथी शिकलेली, मला काय कळणार. पण पोरीनं घरात चार माणसांत न्हाई म्हणून दाखवलं. पुढचं पुढच्या वर्षी विचारा."

वंदना वाचली नाही. मिलिंद आहे, वर्कशॉपला जातो. मी आहे. प्रज्ञा दुसऱ्या वर्षाला आहे.